कलावंताचे बोलणे

द्वारका म्हटली की मराठी वाचकाच्या मनात प्रथम उभा राहतो तो सुदामा. मूठभर पोहे पदरी बांधून तो मित्राच्या दारी गेला, आणि काय मागावयाचे ते शेवटपर्यंत त्याच्या तोंडून निघाले नाही. दिल्लीच्या नैर्ऋत्येस वसलेल्या आजच्या द्वारकेत मात्र असे मुके राहून चालत नाही. क्रमांकांच्या सेक्टरांत विभागलेल्या या उपनगराच्या सातव्या सेक्टरात सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राचे मुख्यालय आहे. कमलादेवी चट्टोपाध्याय आणि कपिला वात्स्यायन यांच्या प्रेरणेने उभी राहिलेली ही संस्था १९७९ साली स्थापन झाली. शिक्षकांना भारतीय कलापरंपरेची ओळख करून देणे हे तिचे मूळ कार्य. तथापि कलावंतांच्या शिष्यवृत्त्या आणि अधिछात्रवृत्त्या यांचा कारभारही पुढे तिच्याकडे आला. अधिछात्रवृत्तीच्या योजनेत २५ ते ४० वर्षे वयाच्या कलावंतासाठी दरमहा १०,००० रुपये आणि चाळिशी ओलांडलेल्यासाठी २०,००० रुपये अशी रक्कम ठरविण्यात आली. मुदत दोन वर्षांची. त्यासाठी अर्जदाराने आपण काय करणार आहोत हे आगाऊ लिहून द्यावयाचे असते.

वरवर पाहता ही एक कार्यालयीन बाब आहे, आणि साहित्यविचाराशी तिचा संबंध नाही असेच कोणालाही वाटेल. परंतु थोडे थांबून पाहिले तर येथे एक संवाद घडत असतो. प्रश्न विचारणारे शासन आहे. उत्तर देणारा कलावंत आहे. आणि विषय आहे त्याची निर्मिती. पूर्वी दरबारच्या गवयाला किंवा नाटकमंडळीतील नटाला असे उत्तर द्यावे लागत नसे. त्याच्या वतीने त्याचे घराणे अथवा त्याची मंडळी बोलत असे. ज्याच्या पाठीशी दरबार नाही, मंडळी नाही, पगारी नोकरी नाही, अशा स्वतंत्र कलावंताला आपल्या कलेविषयी आपणच बोलावे लागते. ज्याचे ज्ञान गळ्यात, बोटांत किंवा पायांत साठलेले आहे त्याने ते शब्दांत कसे आणावे? त्याने ते आणले, तर त्याला विचारणाऱ्याने आणि त्याचे बोलणे लिहून घेणाऱ्याने त्याचे काय करावे? हे प्रश्न भाषेचे आहेत आणि म्हणून ते साहित्यसमीक्षेचेही आहेत. मराठीत ज्याला 'शब्दांकन' म्हणतात तो लेखनप्रकार आज विपुल झाला आहे. त्याची मीमांसा मात्र फारशी झालेली नाही. शब्दांकनाची पुस्तके एक तर चरित्र म्हणून वाचली जातात किंवा संगीतशास्त्राची साधने म्हणून. विचारणाऱ्याने काय विचारले आणि लिहिणाऱ्याने काय गाळले याचा हिशेब कोणी मांडत नाही.

कलावंताशी होणारे मराठी संभाषण सामान्यतः दोन वाटांनी भरकटते. पहिली वाट आख्यायिकेची. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे नाव काढताच सांगणारा एकच प्रसंग सांगू लागतो: भरल्या तमाशात त्यांना कळा आल्या, पडद्यामागे त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. योगिराज बागूल यांनी 'तमाशा विठाबाईच्या आयुष्याचा' हे पुस्तक लिहून त्या आयुष्याचा विस्तृत आलेख मांडला. तरी लोकस्मृतीत उरला तो हाच प्रसंग. त्यातील धैर्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु विठाबाई थोर होत्या त्या बाळंत होऊन नाचल्या म्हणून नव्हे. त्या ज्या रीतीने नाचत आणि गात होत्या त्या रीतीमुळे. गवळण संपवून वगात शिरताना आवाजाचा पोत कसा बदलावयाचा, ढोलकीवाल्याच्या हाताला केव्हा मोकळे सोडावयाचे आणि केव्हा आवरावयाचे, समोरच्या प्रेक्षकाचा कंटाळा त्याच्या आधी कसा ओळखावयाचा, हे ज्ञान त्यांच्यापाशी होते. त्या ज्ञानाला प्रसंग नाही, तारीख नाही, म्हणून त्याची आख्यायिका होत नाही. आणि आख्यायिका होत नाही म्हणून ते कोणी विचारीत नाही. दुःखाची चौकशी झाली, कसबाची झाली नाही. ही सहानुभूती खरी असली तरी तिच्यात एक नकळत अवहेलना आहे. तमासगिरीण सोसते असे आपण मानतो. ती विचार करते असे मानीत नाही.

दुसरी वाट सिद्धान्ताची. वामनराव देशपांडे यांच्या 'घरंदाज गायकी' (१९६१) या ग्रंथाने मराठी संगीतसमीक्षेला शिस्त दिली. स्वर आणि लय यांच्या प्रमाणावरून घराण्यांची मांडणी करणारा हा विचार मोगूबाई कुर्डीकर यांच्या तालमीत बसलेल्या माणसाचा होता, म्हणून त्याच्या अमूर्त विधानांनाही अनुभवाची ऊब आहे. परंतु पुढच्या अनुकरणांत ती ऊब राहिली नाही. गायकाने एखादी गोष्ट अडखळत सांगावी आणि शब्दांकन करणाऱ्याने तिला 'सौंदर्यतत्त्व' असे नाव देऊन मोकळे व्हावे, असा प्रकार रूढ झाला. गायक म्हणतो, 'इथे जागा सापडली.' लिहिणारा लिहितो, 'येथे कलावंताला नवनिर्मितीचा साक्षात्कार झाला.' पहिल्या वाक्यात एक संपूर्ण दृष्टी आहे: जागा आधीच तिथे होती, ती केली नाही, सापडली, आणि ती शोधण्यासाठी त्या वाटेवरून पुष्कळदा जावे लागले. दुसऱ्या वाक्यात काहीच नाही. 'उपज', 'बढत', 'लगाव' हे शब्द गवयांनी आपल्या कामासाठी घडविलेले आहेत. संस्कृतप्रचुर पर्याय देऊन त्यांची प्रतिष्ठा वाढते असे समजणे ही भाषेची आणि कलेची, दोहोंचीही चूक आहे.

या दोन्ही वाटा टाळून चालणारा एक मराठी लेखक होऊन गेला. तो म्हणजे प्रा. बा. र. देवधर. विष्णु दिगंबरांचे शिष्य, मुंबईत स्वतःचे संगीतविद्यालय चालविणारे शिक्षक आणि 'संगीत कला विहार' या मासिकाचे संपादक अशा तिहेरी नात्याने त्यांच्याकडे सर्व घराण्यांचे गवई येत. अल्लादियाखाँपासून बडे गुलाम अलीखाँपर्यंत आणि विक्षिप्त म्हणून टाकल्या गेलेल्या सिंदेखाँपर्यंत अनेकांची जी चित्रे त्यांनी 'थोर संगीतकार' मध्ये रेखाटली, त्यांचे रहस्य देवधरांच्या जिज्ञासेत आहे. आवाजाची घडण हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय होता. साहजिकच ते समोरच्या गवयाला 'तुम्ही थोर कसे झालात?' असे विचारीत नाहीत; हा स्वर गळ्याच्या कोणत्या भागातून निघतो, हा रियाझ कोणत्या वेळी आणि किती काळ केला, ही चीज कोणाकडून मिळाली, हे त्यांना हवे असते. विचारणारा स्वतः त्याच व्यवसायातला असल्यामुळे सांगणाऱ्याला शोभिवंत बोलण्याची गरज पडत नाही. आख्यायिका देवधरांच्या लेखनातही आहेत, आणि त्या चांगल्या रंगल्या आहेत; परंतु त्या रियाझाच्या हकिकतीला लागून येतात, तिची जागा घेत नाहीत. या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद राम देशमुख यांनी केला व तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. मराठी शब्दांकनाला मराठीबाहेर जाता येते याचे ते एक उदाहरण आहे. आणि ते गेले ते त्यातील तपशिलाच्या बळावर.

देवधरांच्या मानाने अल्लादियाखाँची स्वतःची कैफियत निराळी आहे. खाँसाहेबांनी आपले नातू अझीझुद्दीनखाँ यांना उर्दूत जे सांगितले ते अमलान दासगुप्ता आणि ऊर्मिला भिर्डीकर यांच्या इंग्रजी अनुवादातून 'माय लाइफ' या नावाने २००० साली वाचकांपुढे आले. येथे विचारणारा नातू आहे. आजोबा नातवाला जे सांगतात त्यात वंशावळ असते, प्रवास असतो, दरबारांचे मानापमान असतात. ते स्वाभाविक आहे आणि मौल्यवानही आहे. परंतु अतिश्रमाने आवाज बसला आणि त्यातून पुढे निराळी गायकी उदयाला आली, ही जी संगीतरसिकांत सर्वश्रुत गोष्ट, तिच्या दोन टोकांच्या मधले अंतर आख्यायिकेने भरून निघत नाही. आवाज बसल्याचा दिवस सांगता येतो. पेचदार, सलग, श्वास कुठे घेतला हे कळू न देणारी ती गायकी कोणत्या दिवशी आली हे सांगता येत नाही. घडण ही घटना नव्हे. जो केवळ घटना विचारतो त्याला घडण कधीच कळत नाही. शाहू महाराजांच्या निधनानंतर, १९२२ पासून, कोल्हापूरचा आश्रय संपला आणि खाँसाहेब मुंबईस आले. म्हणजे उत्तरायुष्यात हा दरबारी गवईही एका अर्थाने स्वतंत्र कलावंत झाला. शिकवण्या आणि बैठकी यांवर चालणाऱ्या त्या नव्या जीवनाने त्यांच्या गाण्यावर काय परिणाम केला, हाही प्रश्न घडणीचाच आहे.

लिहून घेणाऱ्याने मध्ये न येता लिहिल्याचे मराठीतील सर्वांत ठळक उदाहरण 'सांगत्ये ऐका' (१९७०) हे आहे. हंसा वाडकर बोलल्या आणि अरुण साधू यांनी ते लिहिले. साधू हे पुढे स्वतः नामवंत कादंबरीकार झाले. तरी या पुस्तकात त्यांनी आपली लेखणी बाईंच्या बोलण्यावर चालविली नाही. वाक्ये तुटतात, आठवणी मागेपुढे होतात, आणि स्वतःविषयी निवाडा देण्याची घाई कुठेच नाही. हा संयम दुर्मिळ होय. परंतु पुस्तकाचा भर आयुष्यावर आहे, अभिनयावर नाही. 'रामजोशी' तील बया किंवा 'संत सखू' उभी करताना या नटीने काय केले, याची जिज्ञासा वाचकाला शेवटी उरतेच. १९७७ साली श्याम बेनेगल यांनी याच पुस्तकाच्या आधारे 'भूमिका' हा चित्रपट केला तेव्हा तर नटीचे खाजगी जीवन हेच केंद्रस्थानी आले. जसबीर जैन आणि शोभा शिंदे यांचा इंग्रजी अनुवाद २०१३ साली निघाला. त्याचे नाव 'यू आस्क, आय टेल'. मूळ नावाशी ते ताडून पाहण्यासारखे आहे. मराठी नाव, जे हंसाबाईंच्या १९५९ च्या गाजलेल्या चित्रपटाचेही नाव आहे, त्यात सांगणारीचा पुढाकार आहे: ती सांगते, आपण ऐकावयाचे. इंग्रजी नावात विचारणारा आधी येतो आणि सांगणारी त्याला उत्तर देते. अनुवादाची ही चूक म्हणता येणार नाही. पुस्तकाच्या जन्मकथेतील एक दडलेले सत्य त्याने उघड केले आहे. शब्दांकनात विचारणारा नेहमीच असतो. तो पानावर दिसत नाही एवढेच.

कुमार गंधर्वांच्या बाबतीत विचारणारा दिसतो, आणि त्यामुळे संवादाचे रूपच पालटते. १९६५ साली प्रसिद्ध झालेला 'अनूपरागविलास' हा कुमारांच्या स्वतःच्या बंदिशींचा संग्रह. तेथे स्वरलिपी आहे, राग आहेत, निष्पन्न झालेले कार्य आहे. मो. वि. भाटवडेकर यांनी संपादिलेल्या 'मुक्काम वाशी' मध्ये मात्र जाणकारांच्या बैठकीत कुमार बोलत आहेत. हे बोलणे ग्रंथाचे नाही. ते वळणे घेते, मूळ मुद्दा सोडून दुसरीकडे जाते आणि अनपेक्षित ठिकाणी परत येते; बंदिशीकडे राग पाहण्याची खिडकी म्हणून पाहते; ठरीव उत्तराची अपेक्षा धरणाऱ्याला ते अडचणीत टाकते. १९४८ च्या सुमारास क्षयाने गाणे थांबले असता देवासमध्ये माळव्याच्या लोकधुना ऐकत पडलेल्या या गायकाने त्या धुनांतून नवे राग उभे केले. ही हकीकतही एव्हाना आख्यायिका होऊन बसली आहे. आजारी गायक, खिडकीबाहेर गाणाऱ्या बायका, आणि मग साक्षात्कार. वस्तुतः धून आणि राग यांच्यामध्ये निवड आहे, नकार आहे, पुनःपुन्हा गाऊन पाहणे आहे. चार-पाच स्वरांत फिरणाऱ्या धुनेत कोणता स्वर मुक्कामाचा आहे हे ओळखणे, तिची चाल न मोडता तिला विस्ताराची वाट काढून देणे, आणि तशी वाट नसेल तर ती धून तशीच सोडून देणे, हे सर्व बुद्धीचे काम आहे. कुमारांचे बोलणे वाचताना या कामाचा जो प्रत्यय येतो तो चरित्रात येत नाही.

अर्थात येथेही एक मर्यादा आहे, आणि ती कोणत्याही संपादकाच्या आवाक्याबाहेरची आहे. गायक बोलता बोलता गातो. शब्द संपतात तिथेच मुख्य सांगणे सुरू होते, आणि नेमके तिथे छापील पान थांबते. अशा वेळी शब्दांकनकाराने ती पोकळी भरून काढण्याचा मोह टाळला पाहिजे. 'येथे त्यांनी गाऊन दाखविले' एवढेच लिहून थांबणे ही लेखनातील उणीव नसून प्रामाणिकपणा आहे. किशोरी आमोणकर यांनी 'स्वरार्थरमणी' (२००९) हा ग्रंथ लिहिला तेव्हा रससिद्धान्ताची भारदस्त परिभाषा त्यांनी स्वतः स्वीकारली. दोनच वर्षांनी आलेल्या 'भिन्न षड्ज' या अमोल पालेकर व संध्या गोखले यांच्या माहितीपटात त्या बोलतात, थांबतात, गातात. ग्रंथात सिद्धान्त आहे; पडद्यावर सिद्धान्ताच्या अलीकडची अस्वस्थता आहे. एका कलावंताच्या या दोन भाषा शेजारी ठेवून पाहणे हे टीकेचे काम आहे. ग्रंथाला श्रेष्ठ आणि बोलण्याला कनिष्ठ मानण्याची सवय त्यासाठी सोडावी लागेल.

आतापर्यंतचे कलावंत, त्यांच्या अडचणी कितीही असोत, कोणा ना कोणा जाणत्याने विचारलेले होते. ज्यांना जाणता विचारीत नाही त्यांचे काय होते? त्यांनाही प्रश्न विचारले जातात. पण ते सत्तेकडून. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले, आणि त्यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीने गायक-वादकांच्या चाचणीची पद्धत घालून दिली, श्री. ना. रातंजनकर तिच्या अग्रस्थानी होते. गाण्याचा दर्जा राखण्याचा हेतू त्यामागे होता. तरीही अनेक कलावंत संतापले. उभी हयात मैफलीत घालविलेल्या माणसाला परीक्षार्थी म्हणून बसविले गेले, हे त्यांना बोचले. केसकर आणि रातंजनकर दोघेही व्यासंगी मराठी गृहस्थ होते. संगीतावरील त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेता येणार नाही. परंतु परीक्षकाच्या प्रश्नाचे उत्तर त्याला आधीच ठाऊक असते. ज्याचे उत्तर ठाऊक आहे असा प्रश्न कलावंताला विचारणे म्हणजे त्याला बोलू न देणेच होय.

या प्रकाराचे टोक चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या चित्रपटात दिसते. २०१५ साली प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात वीरा साथीदार यांनी रंगविलेल्या वृद्ध शाहिरावर खटला भरला जातो. त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली असा आरोप आहे. गाण्याचे शब्द, गाण्याचा हेतू, ते कुठे आणि कोणापुढे म्हटले, हे सर्व न्यायालयात विचारले जाते. कलानिर्मितीविषयीचा हा एक तपशीलवार संवादच आहे. फक्त त्यात कलेविषयी कुतूहल कोणालाच नाही. या चित्रपटाला संगीत देणारे संभाजी भगत हे स्वतः शाहीर. डफ हाती घेऊन वस्त्यांत गाण्याचा त्यांचा अनुभव त्या गाण्यांत उतरला आहे. 'कोर्ट' ची कथा कल्पित आहे. विलास घोगरे यांची कल्पित नाही. १९८५ च्या 'हमारा शहर' या आनंद पटवर्धन यांच्या माहितीपटात झोपडपट्टीचे गाणे म्हणणारा हा शाहीर. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण ठार झाले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने गळफास घेतला. पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) तेथून सुरू होतो आणि चौदा वर्षांच्या चित्रणातून अनेक शाहिरांपर्यंत, गायकांपर्यंत, त्यांच्या घरांपर्यंत जातो. तो चित्रपट पाहताना जाणवते की आता घोगरे यांच्याविषयी इतरांनी बोलावयाचे उरले आहे. त्यांनी चाल कशी बांधली, जुन्या शाहिरीतले काय घेतले आणि काय टाकले, हे आता त्यांना विचारता येणार नाही. गवयांपाशी देवधर बसले, कुमारांपाशी वाशीची मंडळी बसली. डफावर थाप मारणाऱ्याच्या शेजारी वही घेऊन कोण बसले? शाहिराचा आशय मराठी टीकेने वाखाणला किंवा नाकारला. त्याची रचना तिने विचारार्ह मानली नाही. विठाबाईंविषयी जी चूक झाली तीच येथे दुसऱ्या रूपाने झाली: तिथे दुःख दिसले आणि कसब दिसले नाही, इथे विद्रोह दिसला आणि घाट दिसला नाही.

या दृष्टीने द्वारकेतील त्या अर्जाकडे पुन्हा पाहिले पाहिजे. त्याला दोष देणे सोपे आहे आणि थोडे अन्यायाचेही आहे. दरबाराच्या लहरीपेक्षा लेखी नियम बरा. शाहिराला आणि तमासगिरालाही निदान कागदावर गवयाच्या बरोबरीने अर्ज करता येतो, ही लहान गोष्ट नव्हे. दोष आहे तो त्या प्रश्नाच्या काळात. 'काय करणार?' हा प्रश्न भविष्याचा आहे, आणि निर्मितीविषयी कलावंताला जे खरोखर ठाऊक असते ते बहुधा भूतकाळाचे असते: काय करून पाहिले, काय फसले, कुठे जागा सापडली. भविष्यकाळात बोलावयास भाग पाडलेला कलावंत साहजिकच उसन्या भाषेत बोलतो. 'संवर्धन', 'संशोधन', 'दस्तऐवजीकरण' असले शब्द त्याच्या तोंडी येतात. ते शब्द त्याचे नसतात. अशा अर्जांवरून उद्या कोणी या काळातील प्रयोगकलांचा इतिहास लिहू गेला, तर त्याला योजना सापडतील, कला सापडणार नाही.

कार्यालयाकडून देवधरांची अपेक्षा करता येत नाही. ती अपेक्षा समीक्षेकडूनच करावी लागेल. कलावंताला विचारण्यापूर्वी त्याच्या व्यवसायाचे शब्द शिकणे. आयुष्याची चौकशी करण्यापूर्वी कामाची चौकशी करणे. त्याचे अडखळणे पुसून न टाकणे. आणि जिथे तो गाऊ लागतो तिथे आपण थांबणे, एवढेच पथ्य शब्दांकनाला पुरेसे आहे. चांगला प्रश्न ही समीक्षेची पहिली कृती होय, आणि वाईट शब्दांकनाचे मूळ बहुधा वाईट उत्तरात नसून वाईट प्रश्नात असते. सुदाम्याच्या कथेत मागण्याचे शब्द त्याला सापडले नाहीत. परंतु पदराआड लपविलेली ती पोह्यांची मूठ कृष्णाने स्वतः ओढून घेतली. कलावंतही पुष्कळदा आपले खरे धन असेच आड धरून बसतो. ते सामान्य आहे, सांगण्याजोगे नाही, असे त्याला वाटते. ते ओळखणारा हात पुढे होत नाही तोवर त्याच्याशी झालेल्या साऱ्या मुलाखती औपचारिकच राहतील.